संस्थेचे दफ्तर कोणाच्या स्वाधीन करावे?



शेतकी खात्याने या पानावर लिहिले म्हणजे बेणे, खत, पाणी किंवा खोडवा यांपैकी काहीतरी असणार, अशी आपली अपेक्षा असते. या वेळी मात्र आम्ही दफ्तराविषयी लिहीत आहोत. आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळसा ऊस सहकारी उपसा सिंचन संस्थांच्या पाण्यावर उभा आहे. संस्थेचा एखादा महत्त्वाचा कागद वेळेवर सापडला नाही, तर नदीत पाणी असून आणि मोटार धडधाकट असूनही ऊस वाळतो. म्हणून हा विषय शेतकी खात्याचाच आहे असे आम्ही समजतो.

एक उदाहरण देतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. संस्थेची मुख्य पाइपलाइन एका शेतातून गेली होती. मूळ मालकाने फार पूर्वी स्टँपवर संमती लिहून दिली होती. पुढे जमीन विकली गेली. नव्या मालकाने घराचा पाया खणताना पाइप उघडा पडला आणि तो म्हणाला, "माझ्या रानातनं पाइप न्यायचा कागद दाखवा, न्हाईतर काढून घ्या." संस्थेत शोधाशोध सुरू झाली. जुने सचिव वारले होते, मुले परगावी, घराला कुलूप आणि दफ्तराची ट्रंक माळ्यावर. कागद मिळायला तेवीस दिवस गेले. एप्रिल अखेरचे दिवस होते. पाइपच्या पलीकडच्या रानातील उसाचे शेंडे तोवर वाळून गेले होते. एका म्हाताऱ्या सभासदाने आम्हाला सांगितले, "कागद हाय की सायेब, पण कुटं हाय ते कुणालाबी ठावं न्हाई."

कागद असणे निराळे आणि मागितल्या दिवशी तो हातात असणे निराळे. दफ्तर कोठे ठेवावे, कोणाकडे द्यावे, याची कसोटी एवढीच आहे. ठेवायला द्यायच्या दिवशी सगळेच चांगले बोलतात. परत मागायच्या दिवशी कोण कसा वागेल, हे आधी पाहून घ्यावे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर काही संस्थांनी आमच्याकडे विचारणा केली, की शहरात दफ्तर सांभाळणाऱ्या खाजगी कंपन्या निघाल्या आहेत, त्यांच्याकडे द्यावे का? द्यावे की न द्यावे, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु निवड कशी करावी, हे सांगता येईल.

आधी दफ्तर निवडून घ्या

बेणे मळ्यातून सरसकट ऊस कोणी उचलत नाही. कांडी बघतो, डोळा बघतो, मगच घेतो. दफ्तराचेही तसेच आहे. सगळी बोचकी जशीच्या तशी उचलून कोणाच्या गोदामात टाकली, तर रद्दीचे भाडे भरत राहावे लागेल. प्रत्येक कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: हा कागद हरवला तर दुसरीकडून पुन्हा मिळेल काय? उत्तराप्रमाणे तीन ढीग करा.

पहिला ढीग: कोठूनही पुन्हा न मिळणारे कागद. पाइपलाइनसाठी घेतलेली, नोंदणी न केलेली संमतीपत्रे, सभेचे इतिवृत्त, सभासद नोंदवही, भाग रजिस्टर, पाण्याच्या पाळ्यांबाबत झालेले लेखी समझोते, कर्ज फिटल्याचे दाखले. हे संस्थेचे मूळ आहे.

दुसरा ढीग: पुन्हा मिळतील, पण खेपा व वेळ लागेल असे कागद. नोंदणी केलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळते. संस्थेच्या नोंदणीची व पोटनियमांची प्रत सहकार खात्याकडून मिळू शकते. उपशाच्या परवान्याची नोंद पाटबंधारे खात्यात, तर वीज जोडणीची नोंद वीज कंपनीकडे असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तर महाभूमी संकेतस्थळावरून केव्हाही काढता येतो. तरीही कित्येक संस्थांत जुन्या सातबाऱ्यांच्या नकला कुलपात आणि संमतीपत्रे उघड्या फळीवर, असे उलटे चित्र आम्ही पाहतो.

तिसरा ढीग: ठराविक मुदतीचे कागद. कीर्द, खतावणी, पावती पुस्तके, व्हाउचर, पाणीपट्टीच्या कपातीच्या याद्या. यांपैकी काय किती वर्षे ठेवायचे, हे आपल्या लेखापरीक्षकांकडून लेखी घ्यावे. ज्यांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे त्यांना कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, हे ध्यानात ठेवावे. मुदत संपली तरी लेखापरीक्षणातील दोषदुरुस्ती शिल्लक असेल किंवा कोर्टात वाद चालू असेल, तर संबंधित पुस्तक मोडीत काढू नये.

ठेवण्याच्या जागा आणि त्यांचे गुणदोष

(१) सचिवाचे किंवा अध्यक्षाचे घर. खर्च काही नाही आणि अर्ध्या रात्री कागद मिळतो. पण "ज्याच्या हाती ससा तो पारधी" ही म्हण येथे पुरेपूर लागू पडते. समिती बदलली, मने फिरली की दफ्तर अडते. अडवलेले दफ्तर निबंधकांमार्फत ताब्यात घेण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आहे. पण त्या वाटेने जायला वेळ लागतो, आणि ऊस तोवर पाण्यावाचून थांबत नाही.

(२) संस्थेचे कार्यालय. ही योग्य जागा. पण आपली बहुतेक कार्यालये जॅकवेलच्या वाटेवर किंवा गावाच्या सखल भागात आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा पाण्यात तळमजल्यावरील लोखंडी कपाट चोरापासून वाचवते, पुरापासून नाही.

(३) बँकेचे लॉकर. पहिल्या ढिगातील निवडक कागदांसाठी चांगले. लॉकर संस्थेच्या नावाने, ठराव करून आणि दोघांच्या सहीने उघडणारे घ्यावे. एक गोष्ट माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यामुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. भूकंप, पूर, वीज पडणे अशा नैसर्गिक आपत्तीत मात्र, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, ती जबाबदारी येत नाही. म्हणून लॉकर घेतानाही शाखा कोणत्या मजल्यावर आहे ते बघावे.

(४) दफ्तर साठवणाऱ्या खाजगी कंपन्या. त्या खोकी नेतात, प्रत्येक खोक्याला क्रमांकाची पट्टी लावतात, गोदामात रचून ठेवतात आणि मागणी आली की पाठवून देतात. ज्यांचे कागद खोल्याच्या खोल्या भरून आहेत, अशा मोठ्या संस्थांना, बँकांना, इस्पितळांना हे सोयीचे पडते. ज्या उपसा संस्थेचे सगळे दफ्तर दोन कपाटांत मावते, तिने मात्र शंभर किलोमीटरवरील गोदामाकडे जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

विचारायचे सात प्रश्न

दफ्तर कंपनीला द्या, बँकेला द्या किंवा गावातल्या विश्वासू माणसाला द्या, पुढील प्रश्न सर्वांनाच विचारावेत.

१. जागा दाखवाल का? दोघा-तिघांनी प्रत्यक्ष जाऊन बघावी, आणि तीही पावसाळ्यात. जागा निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत येते का, ते विचारावे. शेजारच्या जुन्या रहिवाशाला महापुराच्या पाण्याची खूण विचारावी. तो दलालापेक्षा खरे सांगेल. भिंतीला ओल, छपराला गळती, लोंबणाऱ्या वायरी, वाळवी, उंदीर, कसर, आग विझविण्याची साधने आणि ती शेवटची कधी तपासली, हे सर्व बघावे. इमारत मोठी म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. मुंबईत खुद्द मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली आणि शासनाच्या फायली जळाल्या.

२. पोच काय देता? काट्यावरून वजनपावती हातात आल्याशिवाय आपण रिकामी गाडी हलवत नाही. "चाळीस खोकी मिळाली" एवढी पोच म्हणजे वजन न लिहिता दिलेली पावती. कोणत्या खोक्यात कोणते पुस्तक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, अशी यादी दोन प्रतींत करून दोन्हींवर सह्या घ्याव्यात.

३. मागितल्यावर किती वेळात देता? "लगेच" हे उत्तर चालणार नाही. तास किंवा दिवस करारात लिहून घ्यावेत, आणि उशीर झाल्यास काय, तेही. करार झाल्यावर पहिल्या महिन्यातच एखादे पुस्तक गरज नसताना मागवून बघावे. मोटार नवी बसवली की आपण एकदा चालवून बघतो, तसेच हे.

४. बाहेर काढायला काय पडते? येथे पुष्कळ जण फसतात. खोके आत ठेवण्याचा दर कमी सांगतात. पण एक पुस्तक बघायला मागवले की वेगळे पैसे, आणि खोकी कायमची काढून न्यायची म्हटली की कोंडवाड्यातून जनावर सोडवताना भरतात तसे खोक्यागणिक पैसे. भाडे थकले तर दफ्तर अडवून ठेवू, असेही कलम बारीक अक्षरात असू शकते. ते वाचून, शक्य असेल तर काढून घ्यावे.

५. कोणाच्या सहीने देता? अध्यक्ष व सचिव दोघांच्या सहीशिवाय मूळ कागद बाहेर जाऊ नये. निवडणूक होऊन समिती बदलली की नव्या नमुना सह्या किती दिवसांत घेणार, हेही ठरवावे. संस्थेच्या नोंदी बघण्याचा सभासदांचा हक्क अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये आहे. दफ्तर दूर आहे ही सबब सांगून तो हक्क टाळता येणार नाही.

६. नुकसान झाले तर काय? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने ती शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळतो तशी सांभाळली पाहिजे. पण भरपाईची रक्कम सहसा करारातच खोक्यामागे ठराविक लिहून टाकलेली असते. ती वाचा. आणि हे समजून असा, की जळालेल्या संमतीपत्राचे पैसे मिळाले तरी त्या पैशाने पाइपमधून पाणी येत नाही.

७. तुमचा व्यवसाय बंद पडला किंवा विकला गेला तर? आधी किती दिवस कळवणार, दफ्तर कोणाच्या खर्चाने परत करणार, आणि वाद झाल्यास कोणत्या गावच्या कोर्टात जायचे, हे लिहून घ्यावे. मुदत संपलेले कागद नष्ट करायचे असल्यास ते समितीच्या ठरावाची प्रत मिळाल्याशिवाय करू नयेत आणि केल्याचा दाखला द्यावा, हीही अट घालावी.

हिशेब करून बघा

दर कंपनीगणिक बदलतात. खालील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत.

समजा, संस्थेची ४० खोकी आहेत आणि दर खोक्याला महिन्याला १० रुपये आहे. वर्षाचे ४,८०० आणि पाच वर्षांचे २४,००० रुपये. सभेपुढे हाच आकडा ठेवला जातो. आता महिन्यातून एकदा एक खोके मागवले व प्रत्येक खेपेस १५० रुपये पडले, तर पाच वर्षांत ६० खेपांचे ९,००० रुपये. शेवटी खोकी कायमची काढताना दर खोक्याला १०० रुपये, म्हणजे आणखी ४,०००. एकूण ३७,००० रुपये झाले. म्हणजे सांगितलेल्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त. संस्थेचे १४८ सभासद असतील तर दर सभासदामागे वर्षाला ५० रुपये पडले.

पन्नास रुपये फार नाहीत. पण तेवढ्याच पैशात गावातील उंचावरच्या पक्क्या इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली, दोन चांगली कपाटे आणि बँकेचे एक लॉकर होत असेल, तर लहान संस्थेने तेच करावे असे आमचे मत आहे. आपला हात जगन्नाथ. दफ्तर जवळ राहते आणि परत मागायला कोणाच्या दारात जावे लागत नाही.

संगणकातील प्रत

पहिल्या ढिगातील प्रत्येक कागदाची संगणकावर प्रत काढून ठेवावी, याबद्दल दुमत नाही. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, प्रत मूळ कागदाच्या शेजारी नको. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे मार्च २०२१ मध्ये संगणकीय माहिती साठविणाऱ्या एका मोठ्या केंद्राला आग लागली. ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, अशांची माहिती कायमची गेली. दोन, पासवर्ड एकट्या क्लार्कच्या डोक्यात नको. तो बंद पाकिटात, सही-शिक्क्यानिशी लॉकरमध्ये ठेवावा आणि क्लार्क बदलला की पासवर्डही बदलावा. तीन, हिशेबाचे सॉफ्टवेअर देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावे, की आम्ही उद्या तुम्हाला सोडले, तर आमचा सगळा हिशेब दुसरीकडे उघडेल अशा रीतीने द्याल काय?

सभासदांनी स्वतःपुरते एवढे लक्षात ठेवावे, की डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने स्वतः पाठविलेला दाखला मूळ कागदासमान मानला जातो. आपण मोबाइलने फोटो काढून तेथे चढविलेला कागद मात्र नुसती प्रतच राहतो.

कागदाची निगा

टाचण्या गंजतात, रबर चिकटतात. दोन्ही काढून टाकावेत. जुन्या स्टँपपेपरला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, आणि सही-शिक्का तपासायचा झाल्यास अडचण येते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. जाड कागदी पाकीट आणि सुती कापड यांपेक्षा जास्त काही लागत नाही. थर्मल कागदावरची पावती उन्हाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्याने पांढरी पडते. अशा पावतीची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढावी. आपल्या उसाची वजनपावती तशा कागदावर असेल तर तिलाही हेच लागू. कागद भिजलाच तर ४८ तासांच्या आत वाळवायला घ्यावा, नाहीतर बुरशी धरते. उन्हात टाकू नये. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मधे टिपकागद घालून वाळवावा आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत.

या वर्षी काय करावे

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाच्या असतात. त्यापूर्वी प्रत्येक उपसा संस्थेने तीन कामे उरकावीत. दफ्तराचे तीन ढीग करून यादी करणे. ती यादी समितीपुढे वाचून इतिवृत्तात नोंदविणे. आणि दफ्तर कोठे, कोणाच्या ताब्यात व कोणाच्या सहीने निघेल, हे सभेत सर्वांना सांगणे. यादीची एक प्रत सचिवाकडे, एक अध्यक्षाकडे आणि एक लॉकरमध्ये असावी. समिती बदलताना याच यादीवर खूण करीत दफ्तराची देवघेव करावी.

सभासदांनीही सभेत केवळ पाणीपट्टीच्या दरावर बोलून थांबू नये. उठून एवढे विचारावे, "आमच्या पाइपलाइनची संमतीपत्रे आत्ता, या घटकेला, कोठे आहेत? आणि उद्या सकाळी बघायला मिळतील का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे चटकन मिळाली तर दफ्तर योग्य ठिकाणी आहे असे समजावे. अध्यक्ष सचिवाकडे आणि सचिव छताकडे बघू लागले, तर उन्हाळा उजाडण्यापूर्वी हे काम हाती घ्यावे.

यादीचा नमुना शेतकी खात्याच्या गट कार्यालयांत ठेवला आहे. संस्थांनी तो घेऊन जावा. काही अडचण असल्यास आमचे गट कर्मचारी संस्थेत येऊन यादी करण्यास मदत करतील. तरी सर्व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी याचा लाभ घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते